रात्रीचा रस्ता आणि उभी गाडी

ऊसाचा हंगाम सुरू झाला म्हणजे हवेली, दौंड, शिरूर, बारामती या तालुक्यांतील रस्त्यांस रात्रीचे निराळेच रूप येते. दिवसा जो रस्ता वाहता असतो, तोच दिवे लागणीनंतर अर्धा उभा राहतो. कोठे ऊसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या एकामागे एक लावलेल्या, कोठे टायरगाड्यांची रांग, कोठे गोदामाच्या दाराशी पहाटेची वाट पाहणाऱ्या मालट्रका, तर कोठे घरापुढे नुसतीच जागा नाही म्हणून डांबरावर ठेवलेला ट्रॅक्टर. सकाळी त्या निघून जातात, आणि मग रात्री तेथे काय होते याची कोणास आठवण राहत नाही. ज्याच्या घरचे माणूस तेथे आपटले त्याची गोष्ट अर्थात वेगळी.

या विषयावर आजपर्यंत या मासिकात फारसे लिहिले गेलेले नाही. बियाणे, खत, पाणी आणि बाजारभाव हेच शेतकऱ्याचे विषय, रस्ता हा सरकारचा, अशी एक समजूत आहे. परंतु रात्री रस्त्यावर गाडी उभी करणारा बहुधा शेतकरीच असतो, तिच्यावर मोटारसायकल घेऊन आदळणाराही बहुतेक वेळा शेतकऱ्याचाच मुलगा असतो, आणि पुढे दाव्याची नोटीस येते तीही शेतकऱ्याच्याच नावावर. सबब हा विषय आमचाच होय.

हडपसरचे गाडीतळ पुणेकरांस आज केवळ बसच्या थांब्याचे आणि उड्डाणपुलाखालच्या गर्दीचे ठिकाण म्हणून माहीत आहे. परंतु नावच काय ते सांगते. सोलापूर रस्त्याने येणाऱ्या गाड्या शहराच्या तोंडाशी जेथे सुटत, तो हा तळ. मोठ्या बाजाराच्या गावास असा एखादा गाडीतळ किंवा गाडीअड्डा असे, व त्यास कारण होते. बैलास पाणी लागते, वैरण लागते, सावली लागते. गाडीवानाची इच्छा असो वा नसो, विहीर आणि झाड जेथे असेल तेथेच गाडी सोडणे त्यास भाग पडे. बैल हाच गाडीस रस्त्यावरून खाली उतरवीत असे म्हटले तरी चालेल. यंत्रास तहान नाही व भूकही नाही. किल्ली फिरवून चालक खाली उतरला की गाडी जेथे असेल तेथेच तिचा मुक्काम. आम्ही बैल विकले, ट्रॅक्टर घेतले, आणि बैलांबरोबर तळही गेले; त्यांच्या जागी दुसरे काही नेमण्याचे मात्र राहून गेले. रस्त्यावर रात्री जी गाडी उभी दिसते तिचे मूळ आमच्या मते येथे आहे. चालकाचा बेफिकीरपणा त्यानंतरचा.

आता रस्त्याच्या रुंदीचा थोडा हिशेब पाहू. कारण बहुतेक वाद रुंदीचे ज्ञान नसल्यामुळे होतात. गावच्या नकाशात जुने गाडीमार्ग दाखविलेले असतात. त्यांची रुंदी साडेसोळा फुटांपासून एकवीस फुटांपर्यंत धरलेली आहे, आणि पाऊलवाटेची सव्वाआठ फूट. एकवीस फुटांत दोन भरल्या गाड्या एकमेकींस ओलांडून जात. पुढे त्यांपैकी कित्येक मार्गांवर डांबर पडले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेतील रस्त्याची डांबरी रुंदी सामान्यतः पावणेचार मीटर, व जेथे वर्दळ अगदी थोडी तेथे तीन मीटर असते. ऊसाच्या ट्रॉलीची रुंदी सुमारे सव्वादोन मीटर धरा; बाहेर आलेली वाढी व पाचट निराळे. पावणेचारांतून सव्वादोन गेले, राहिला दीड मीटर. साधी चारचाकी पावणेदोन मीटरच्या आसपास रुंद असते. म्हणजे डांबरावर एक ट्रॉली उभी राहिली की त्या रस्त्याने चारचाकी जाणे बंद झाले, मग रुग्णवाहिकेची गोष्ट बोलावयासच नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून आपल्या राज्यात सुरू आहे. ती तालुक्याच्या ठिकाणाहून वेळेवर निघते आणि गावाच्या अलीकडे अर्ध्या मैलावर एका ट्रॉलीमागे भोंगा वाजवीत उभी राहते. ट्रॉलीचा मालक त्या वेळी घरी झोपलेला असतो व किल्ली त्याच्या उशाशी असते.

कोणी म्हणेल, ट्रॉली बाजूच्या पट्टीवर घ्यावी. खरे आहे, परंतु ती पट्टी आज राहिली आहे कोठे? येथे आम्हांस आमच्याच बंधूंस दोन शब्द सांगितले पाहिजेत. दरवर्षी नांगराचे एखादे तास रस्त्याकडे सरकते. पहिल्या वर्षी गवत जाते, दुसऱ्या वर्षी साइडपट्टीचा मुरूम जातो, तिसऱ्या वर्षी चर बुजतो आणि पाचव्या वर्षी ऊसाचा शेंडा डांबरावर झुकतो. पावसाचे पाणी मग रस्त्यावरूनच वाहते व रस्ता उखडला म्हणून आपणच ग्रामसभेत ओरड करतो. या एकेका तासाने सातबारावरचे क्षेत्र एका आराने वाढत नाही, कारण मोजणी जुन्या हद्दीवरूनच होते. गाडी खाली उतरविण्यास जागा नसण्याचे निम्मे कारण हे आहे. उरलेले निम्मे म्हणजे नुसता आळस; कारण रस्त्यालगत ज्याचे स्वतःचे खळे आहे असा गृहस्थही पाच मिनिटे वाचविण्यासाठी ट्रॉली डांबरावर सोडून जातो, हे आम्ही पाहतो.

रुंदीपेक्षाही अंधाराचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. पुढे काही आहे हे डोळ्यास दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक ते दीड सेकंद लागतो. तेवढ्यात १७ ते २५ मीटर अंतर कापले जाते. त्यापुढे ब्रेक लागून गाडी थांबण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. एकूण चाळीस ते पन्नास मीटर. जुन्या मोटारसायकलीचा खाली पाडलेला दिवा एवढ्या अंतरावरील काळपट, धुळीने माखलेली वस्तू दाखवू शकत नाही. त्यातून समोरून प्रखर दिव्यांची ट्रक येत असेल तर ती ओलांडून गेल्यानंतरचे दोन-तीन सेकंद स्वारास काहीच दिसत नाही. ऊसाची ट्रॉली मागून पाहिली असता ती झाडीसारखीच दिसते. पाचटीचा रंग आणि रात्रीचा रंग एकच. तिच्या मागे दिवा नाही, असला तर तार तुटलेली, आणि तांबडे परावर्तक असले तर चिखलाखाली किंवा लोंबणाऱ्या ऊसाखाली झाकलेले.

जुने गाडीवान गाडीच्या खाली कंदील बांधीत. तो कंदील रस्ता पाहण्यासाठी नसे. बैल रस्ता जाणतात. तो इतरांनी आपणांस पाहावे यासाठी असे. हा विचार आज उलटा झाला आहे. ट्रॅक्टरच्या टपावर चार-चार पांढरे झगझगीत दिवे, तेही समोरच्याचे डोळे दिपविणारे, आणि मागे काही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतील १०९ व्या नियमात पार्किंगच्या दिव्यांविषयी स्पष्ट सांगितले आहे की, वाहन रस्त्यावर उभे असतानाही ते दिवे जळत राहिले पाहिजेत. ट्रॅक्टरपासून सोडविलेल्या ट्रॉलीस बॅटरी नाही, सबब तिचे दिवे जळणे शक्यच नाही. अशी ट्रॉली रात्री सार्वजनिक रस्त्यावर ठेवण्यास कायदेशीर मार्ग उरत नाही, हे यावरून उघड आहे. काही साखर कारखाने हंगामाच्या आरंभी परावर्तक कापड वाटतात व ट्रॉलीच्या मागे लावून घेतात. ते उत्तम काम आहे. परंतु परावर्तक हा दुसऱ्याच्या दिव्यावर चमकतो. ज्याचा दिवाच मंद किंवा बंद आहे अशा सायकलस्वारास आणि पायी जाणाऱ्यास त्याचा उपयोग नाही.

एक किरकोळ दिसणारी गोष्ट येथेच सांगून टाकतो. चाक पंक्चर झाले किंवा चढावर गाडी थांबली म्हणजे चाकाखाली दगड लावतात आणि मागे इशाऱ्यासाठी दगडांची रांग व झाडाची फांदी ठेवतात. सकाळी गाडी जाते. दगड तेथेच राहतात. दुसऱ्या रात्री त्याच दगडांवरून दूध घालावयास निघालेला कोणी पडतो. गाडी काढताना दगड उचलून चरात टाकावयास अर्धे मिनिट लागते.

आता कायदा. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे १२२ वे कलम असे की, कोणतेही मोटार वाहन किंवा ट्रेलर सार्वजनिक ठिकाणी अशा जागी, अशा स्थितीत अथवा अशा परिस्थितीत उभे ठेवू नये की ज्यायोगे इतरांस धोका, अडथळा किंवा गैरवाजवी गैरसोय होईल किंवा होण्याचा संभव असेल. ‘संभव’ हा शब्द लक्षात ठेवण्याजोगा आहे. अपघात घडलाच पाहिजे असे नाही. ट्रेलरही कायद्याच्या व्याख्येने मोटार वाहनच होय, म्हणून ‘ही नुसती ट्रॉली आहे, हिला इंजिन कोठे आहे’ हा बचाव चालत नाही. पुढे १२७ वे कलम आहे. सार्वजनिक ठिकाणी दहा तास किंवा अधिक बेवारस अथवा चालकाविना ठेवलेले वाहन, तसेच मनाई असलेल्या ठिकाणी लावलेले वाहन, गणवेशातील पोलीस अधिकारी उचलवून नेण्यास अथवा जखडून ठेवण्यास फर्मावू शकतो. आणि उचलून नेण्याचा खर्च मालकावर पडतो. या दहा तासांवरून खेड्यांत एक चमत्कारिक समज पसरला आहे की, संध्याकाळी आठास लावलेली गाडी पहाटे सहाच्या आत काढली म्हणजे काही दोष नाही. हा समज पूर्ण चुकीचा आहे. दहा तासांची मुदत चालकाविना सोडलेले वाहन उचलण्यापुरती आहे. धोक्याच्या जागी गाडी उभी करण्याचा गुन्हा पहिल्या मिनिटालाच पुरा होतो. आणि तशी गाडी वाहतुकीस धोका उत्पन्न करीत असेल तर त्याच कलमाच्या दुसऱ्या भागाप्रमाणे ती ताबडतोब हटविता येते.

धोक्याच्या जागा कोणत्या, हेही सांगितलेले आहे. वळणावर किंवा वळणाजवळ, चढाच्या माथ्यावर, कमानी पुलावर, चौकाजवळ, शाळेच्या व इस्पितळाच्या दाराशी, बसथांब्याजवळ, मुख्य अथवा वेगवान वाहतुकीच्या रस्त्यावर, दुसऱ्या उभ्या गाडीच्या समोर किंवा तिच्या बगलेस, आणि रस्त्याच्या उलट बाजूस गाडी लावू नये, असे १९८९ च्या रस्तेविषयक विनियमांत होते. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या वाहन चालन विनियमांनी घेतली, तरी गाभा तोच आहे. दंड म्हणाल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण दंड पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत व पुढे १,५०० रुपयांपर्यंत आहे.

टायरगाडीवाले म्हणतील, आमची बैलगाडी मोटार वाहन नाही. त्यांच्यासाठी १९५१ चा मुंबई पोलीस कायदा आहे, ज्यास आता महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. त्याच्या १०२ व्या कलमात रस्त्याचा कोणताही भाग वाहनांच्या अथवा गुरांच्या मुक्कामाची जागा म्हणून वापरण्यास आणि माल भरण्या-उतरविण्यास जरूर त्याहून अधिक वेळ गाडी उभी ठेवण्यास मनाई आहे. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे २८५ वे कलम सार्वजनिक वाटेत धोका किंवा अडथळा करणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगते; जुन्या दंडसंहितेत हाच दंड २०० रुपये होता. आणि निष्काळजीपणाने कोणाचा मृत्यू घडल्यास त्याच संहितेचे १०६ वे कलम पाच वर्षांपर्यंत कैद सांगते. अंधारात दिव्याविना ट्रॉली सोडून जाणे हा निष्काळजीपणा नव्हे, असे न्यायासनासमोर म्हणणे कठीण आहे.

परंतु शेतकऱ्यास दंडाचे किंवा कैदेचे भय नसते तेवढे जमिनीचे असते, आणि या प्रकरणात जमीन कशी गुंतते हे फार थोड्यांस ठाऊक आहे. आमची उमेद महसूल खात्याच्या वसुलीच्या टेबलावर गेली, म्हणून हे थोडे विस्ताराने लिहितो.

उभ्या ट्रॉलीवर आदळून कोणी मेला किंवा जायबंदी झाला तर त्याचे वारस मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे भरपाईचा दावा लावतात. न्यायाधिकरण दोष कोणाचा किती हे वाटून देते. स्वार वेगात होता असे ठरले तर त्याच्याकडे काही हिस्सा जातो, आणि दिवा नसलेल्या उभ्या वाहनाकडे उरलेला. तरुण कमावता माणूस गेलेला असेल तर त्याच्या पुढील सर्व आयुष्याच्या मिळकतीचा हिशेब होतो. विमा असेल तर कंपनी भरते. आता आपल्या घरचा कागद काढून पाहावा. ट्रॅक्टरचा विमा बहुधा असतो, कारण कर्ज देणारी बँक तो उतरविल्यावाचून सोडत नाही. ट्रॉलीचे काय? कित्येक ट्रॉल्या गावच्या लोहाराकडे किंवा वर्कशॉपमध्ये बनविलेल्या, नोंदणी नसलेल्या आणि विमा नसलेल्या आहेत. दुसरे असे की, ट्रॅक्टरचा विमा शेतीकामापुरता उतरविलेला असतो आणि ट्रॉली भाड्याने वीट, वाळू किंवा दुसऱ्याचा माल वाहत असते. अशा वेळी कंपनी हरकत घेते, आणि हरकत मान्य झाली तर रक्कम मालकाच्या अंगावर येते.

मालकाने ती भरली नाही तर? त्याच कायद्याच्या १७४ व्या कलमाप्रमाणे न्यायाधिकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे वसुलीचा दाखला पाठविते, व ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते. हा दाखला जिल्हा कचेरीतून तहसिलीत, तहसिलीतून मंडळाकडे आणि तेथून तलाठ्याकडे येतो. प्रथम मागणीची नोटीस निघते. पुढे जंगम मालाची जप्ती, पुढे स्थावराची. सातबाराच्या इतर हक्कांत बोजा चढतो, आणि तो बोजा असेपर्यंत पीककर्जाचे नवे-जुने करणे, वाटणी, खरेदीखत, सर्व अडते. सारा थकला म्हणून जमीन जप्त होण्याचे दिवस आता राहिले नाहीत. सारा असतोच किती! परंतु सारा वसुलीची ती जुनी, कडक यंत्रणा कागदावर जशीच्या तशी जिवंत आहे, आणि तिचा उपयोग आता अशा दाखल्यांसाठी होतो. हातात नोटीस घेऊन कचेरीच्या पायरीवर बसलेला मनुष्य पहिला प्रश्न एकच विचारी: ‘माझी गाडी तर उभी होती, मग मी काय केले?’ गाडी उभी होती, हेच त्याने केलेले असते.

आता आपल्या तक्रारीची बाजू. रस्त्यावर रात्री फक्त शेतकऱ्याचीच वाहने उभी असतात असे मुळीच नाही. पुणे शहरात जड वाहनांस दिवसाच्या काही वेळी व काही रस्त्यांवर मज्जाव असतो. तो योग्यच आहे, पण त्या मज्जावाची वेळ टळेपर्यंत ट्रका उभ्या राहतात त्या शहराच्या शिवेवर, म्हणजे आपल्या शेताच्या तोंडाशी. वाघोली, फुरसुंगी, उरुळी, लोणी या बाजूंस गोदामे उठली. गोदामवाल्यांनी छप्पर मोठे बांधले, अंगण ठेवले नाही. त्यामुळे पहाटे गुलटेकडीच्या मार्केट यार्डात किंवा मांजरीच्या उपबाजारात भाजी पोहोचवू पाहणाऱ्याचा टेम्पो स्वतःच्याच बांधावर अडकून पडतो. मेथी-कोथिंबिरीस एक तासाचा उशीर म्हणजे भावात किती फरक, हे वाचकांस सांगावयास नको.

यावर कोणाकडे जावे? कित्येक लोक तहसीलदारांकडे अर्ज देतात आणि मामलेदार कोर्ट कायदा, १९०६ याच्या ५ व्या कलमाचा आधार घेतात. ते कलम उपयुक्त आहे. परंतु ते बांध घालून, चर खणून, काट्या लावून शेताची वहिवाटीची वाट अडविली असेल त्यासाठी, आणि तेही अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रात्री येणारी व सकाळी जाणारी ट्रक हा त्या अर्थाचा अडथळा नव्हे. तारीख पडेपर्यंत ट्रक सातारला पोहोचलेली असते. हे काम पोलिसांचे आहे. प्रत्यक्ष धोका असेल तर ११२ क्रमांकावर कळवावे. नेहमीचाच उपद्रव असेल तर वाहनांचे क्रमांक, तारीख व वेळ यांची पंधरा दिवसांची यादी करून पोलीस ठाण्याच्या वाहतूक शाखेस ग्रामपंचायतीच्या शिक्क्यासह लेखी द्यावी. नुसत्या ‘फार त्रास होतो’ अशा अर्जावर कचेरीत काही होत नाही. क्रमांक दिसला म्हणजे कारकुनास लिहावयास काही तरी मिळते. रस्त्यावर मनाईचा फलक हवा असल्यास रस्ता कोणाचा हे आधी पाहावे. राज्यमार्ग व प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, इतर जिल्हा मार्ग व ग्राममार्ग जिल्हा परिषदेकडे. पुण्याभोवतीच्या गावांत आणखी एक भानगड आहे. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे महानगरपालिकेत आली; पुढे २०२४ मध्ये फुरसुंगी व उरुळी देवाची ही दोन बाहेर पडून त्यांची नगरपरिषद झाली. सबब कालचा ग्राममार्ग आज पालिकेचा रस्ता झालेला असू शकतो, आणि जिल्हा परिषदेकडे दिलेला अर्ज ‘आमच्या कक्षेत नाही’ असा शेरा घेऊन परत येतो.

शहरात मुक्कामास जाणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पुण्याच्या कित्येक रस्त्यांवर एका बाजूस सम व दुसऱ्या बाजूस विषम तारखेस वाहन लावण्याची रीत आहे. पी-१ व पी-२ असे फलक असतात. पाहुण्याकडे संध्याकाळी योग्य बाजूस लावलेली पिकअप मध्यरात्री तारीख बदलताच अयोग्य बाजूस उभी ठरते. २०१८ मध्ये महानगरपालिकेने पार्किंगचे धोरण केले, तेव्हा रस्त्यावर गाडी ठेवण्याचे पैसे द्यावयाचे की नाही यावरून बराच गदारोळ झाला व अखेर पाच रस्त्यांवर प्रयोग करावा एवढेच ठरले. शहरवासीयांसही रस्ता हे आपले अंगणच वाटते, असे यावरून दिसते. दोष खेड्यापुरता नाही.

परदेशांत काय करतात? इंग्लंडात ताशी ३० मैलांहून अधिक वेगमर्यादेच्या रस्त्यावर रात्री उभ्या वाहनाचे दिवे जळत ठेवणे सक्तीचे आहे, रात्री वाहतुकीच्या उलट दिशेस तोंड करून गाडी लावता येत नाही, आणि ट्रेलर तर दिव्यावाचून रात्री रस्त्यावर सोडताच येत नाही. जपानात १९६२ पासून असा कायदा आहे की, मोटार घेणाऱ्याने ती ठेवण्यास रस्त्याबाहेर जागा असल्याचा दाखला आधी दाखवावा. शिवाय रस्त्यावर एकाच जागी रात्री आठ तास गाडी ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्या राज्यातही २०२५ च्या मे महिन्यात परिवहनमंत्र्यांनी जागेच्या दाखल्याविना नवी मोटार नोंदवू नये असा विचार बोलून दाखविला. शहरात तो कसा चालेल ते शहरवाले पाहोत. शेतकऱ्यापाशी मात्र जागा आहे, हा त्याचा व मुंबईकराचा मोठा फरक.

एक गुंठा म्हणजे तेहेतीस फूट लांब व तेहेतीस फूट रुंद. ट्रॅक्टर जोडलेली ट्रॉली साधारण पंचवीस फूट लांब धरली, तर एका गुंठ्यात अशा दोन जोड्या शेजारी शेजारी सहज राहतात. रस्त्यालगत ज्याचे शेत आहे त्याने बांधाच्या तोंडाशी एक गुंठा मोकळा ठेवून त्यावर मुरूम दाबून घ्यावा, चरावर नळी टाकून आत उतरण्याची वाट करावी. नळी न टाकता चर बुजविला तर रस्ता पुन्हा पाण्याखाली जाईल. ऊस भरणेही तेथेच होईल, व फडातून डांबरावर चिखल येणे कमी होईल. स्वतःची वाहने स्वतःच्या शेतात ठेवण्यास कोणाच्या परवानगीची गरज नाही. परंतु महामार्गालगतच्या काही बंधूंनी परक्या ट्रका रात्रभाड्याने उभ्या करण्याचा जोडधंदा धरला आहे; तो अकृषिक वापर ठरतो, आणि त्यास परवानगी व आकार आलाच. ती घेऊन धंदा केल्यास वाईट काही नाही, उलट रस्ता मोकळा होतो.

कारखान्यांचेही कर्तव्य आहे. गव्हाण बंद पडली की वजनकाट्यापासून रांग वाढत जाऊन वाहनतळाच्या बाहेर पडते व एक-दोन किलोमीटर रस्ता व्यापते. सभासदांनी वार्षिक सभेत लाभांशाबरोबर हाही प्रश्न विचारावा की, दैनिक गाळपाच्या मानाने आपल्या तळात किती वाहने मावतात, व रांग बाहेर गेल्यास तोड थांबविण्याचा निरोप मुकादमास किती वेळात जातो.

ज्यांचे घर गावठाणात आहे व शेत दूर आहे, त्यांची अडचण खरी आहे. दिवसभराच्या कामानंतर दोन मैलांवर ट्रॉली ठेवून पायी परत या, असे त्यांस सांगता येत नाही. त्यांच्यासाठी गाडीतळ पाहिजे, आणि तो नेमून त्यावर फी घेण्याचा अधिकार ग्रामपंचायतीस १९५८ च्या कायद्यात दिलेलाही आहे. गायरान मागण्याच्या भानगडीत पडू नये. २०११ पासून त्यावर कडक निर्बंध आहेत आणि प्रस्ताव वर्षानुवर्षे पडून राहतो. आठवडे बाजाराचे मैदान मात्र बहुतेक मोठ्या गावांत आहे. ते आठवड्यातून सहा रात्री रिकामे असते, मध्यावर असते, व तेथे विजेचा खांब बहुधा असतोच. बाजाराच्या आदल्या रात्री तेवढे मैदान मोकळे ठेवावयाचे. सोडविलेल्या ट्रॉल्या एका बाजूस, जोडलेल्या दुसऱ्या बाजूस, आणि पहाटे प्रथम निघणाऱ्या दुधाच्या गाड्या तोंडाशी, एवढी शिस्त लावण्यास गावचा कोतवाल व एक चुन्याची पिशवी पुरे. हंगाम दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय निघाला तर उशीर होतो. १५ ऑगस्टच्या सभेत ठराव झाला म्हणजे पावसाने उघडीप देताच मुरूम पसरता येतो, आणि पहिली मोळी टाकण्याच्या आत तळ तयार होतो.